एकच गाणं, पंधरा वेळा

सई, मिहिर,

तुम्ही टोरांटोहून पाठवलेली लिंक मी उघडली. वर तुम्ही लिहिलं होतं, 'आजी, तू फेमस आहेस!' खाली 'ब्लॅक कॉटन : द गोल्डन हिट्स' नावाचा अल्बम, त्याच्या कव्हरवर काळे चष्मे लावलेले चार म्हातारे, आणि अगदी शेवटी बारीक अक्षरांत आभार. त्यात माझं नाव आहे आणि नावापुढे 'लेजेंडरी साउंड इंजिनिअर'. मी कधीच इंजिनिअर नव्हते. इंग्रजीत एम.ए. झालेली, दोन वर्षं शाळेत शिकवून कंटाळलेली, आणि मग तुमच्या आजोबांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे कॅसेटी भरून देणारी बाई होते. 'लेजेंडरी' हा शब्द मी मुलांच्या निबंधात दिसला की खोडत असे.

बँडची गोष्ट सांग, असं तुम्ही म्हणालात. फोनवर सांगितली असती, पण फोनवर मी सौम्य बोलते. शिवाय इथल्या एका दिवाळी अंकाचे संपादक दोन वर्षं 'दुकानाविषयी लिहा' म्हणून मागे लागलेत. तेव्हा हे पत्रच त्यांना देते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण यातली माणसं मराठीत बोलली, आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत नेलं की सगळीच सज्जन वाटायला लागतात. आईकडून वाचून घ्या. आणि हे फार आधीच लिहायला हवं होतं. का, ते पुढे कळेल.

आधी धंदा समजून घ्या. आमचं दुकान श्रीरामपुरात, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. पुढे आजोबांची रेडिओची कार्यशाळा, मागे माझी खोली. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ नये. लोक गाण्यांची यादी घेऊन यायचे आणि मी त्यांना ती गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायची. हे कायद्यात बसत नव्हतं. तेव्हा ते कुणाला सुचत नव्हतं, आणि मला सुचत होतं तरी मी गप्प होते. कॅसेट साठ मिनिटांची, तीस एका बाजूला, तीस दुसऱ्या. माझे नियम तीन होते. गाणं मध्येच तोडायचं नाही. एका जातीची दोन गाणी शेजारी ठेवायची नाहीत. आणि मूळ फीत दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही. हे तीनही नियम मी एकेकदा मोडले आहेत, आणि तीनही वेळा गाणं एकच होतं.

म्हणजे 'निवडक गाणी' हा प्रकार मला कुणी शिकवायला नको. पंचवीस वर्षं मी तेच केलं. गिऱ्हाईक निवडक म्हणून काय आणतं, हे मी पाहिलं आहे. एका मुख्याध्यापकांना सहलीसाठी अशी गाणी हवी होती ज्यांत 'प्रेम' हा शब्द येत नाही. मी साठेक गाणी ऐकून नऊ काढली, तर म्हणाले, "बाई, ही फार रडकी आहेत." एका वरपित्याने मुलाच्या वरातीसाठी यादी दिली, तिच्यात सगळी विरहाची. मी दाखवून दिलं तर म्हणाला, "असू द्या, चाली चांगल्या आहेत." यादी करणाऱ्या माणसाला गाणी आवडत नसतात, स्वतःची यादी आवडत असते. हा माझा निष्कर्ष, आणि तो 'ब्लॅक कॉटन'ला तंतोतंत लागू पडतो.

या बँडने उभ्या आयुष्यात अकरा गाणी केली. त्या अकरांतून निवडलेली ही सोळा गाणी आहेत. हिशोब चुकलेला नाही. काही गाणी दोनदा आहेत, आणि 'फाटक' हे एकच गाणं तर चार वेळा आहे. एकदा साधं, एकदा नुसत्या गिटारवर, एकदा नाचासाठी, आणि एकदा मुंबईच्या कुणा मुलीबरोबर, जिला रेल्वेचं फाटक म्हणजे काय हे माहीत नसावं असं तिच्या उच्चारांवरून वाटतं.

बँडचा पुढारी विल्सन. मिशनच्या शाळेत शिकलेला, चर्चमध्ये गिटार वाजवणारा, दिसायला देखणा आणि त्याची पुरेशी कल्पना असलेला. बँडचं नाव त्याने भूगोलाच्या पुस्तकातून घेतलं. आपल्या काळ्या जमिनीला इंग्रजीत तसं म्हणतात. बाकी दोघांविषयी सांगण्यासारखं काही नाही. ते विल्सनच्या मागे उभे राहायचे आणि आजही कव्हरवर मागेच उभे आहेत. चौथा कव्हरवर आहे तो भाड्याचा. खरा चौथा होता किसन. किसन पगारे, रेल्वे लाइनीच्या कडेच्या वस्तीतला. रात्रंदिवस मालगाड्या ऐकून त्याच्या हातात जो ठेका बसला होता, तो मी नंतर कुठेही ऐकला नाही. मालगाडीचे डबे रुळांच्या सांध्यांवरून जाताना जे होतं, ते तो ड्रमवर करायचा. 'फाटक' हे गाणं म्हणजे तो ठेका. शब्द विल्सनचे होते, पण ते एवढेच, की फाटक पडलंय, सायकलवर मी, पलीकडे तू. त्यात गाण्यासारखं जे काही होतं, ते किसन होता.

त्यांना मुंबईच्या एका कंपनीला नमुना पाठवायचा होता, म्हणून 'फाटक' आमच्या खोलीत भरायचं ठरलं. आजोबांनी माझ्यासाठी मोठ्या चकत्यांचं जुनं रेकॉर्डिंग मशीन दुरुस्त करून आणलं होतं. त्यावर माझं हे पहिलंच काम. रविवारी दुपारी चौघे आले. आजोबा नगरला गेले होते. मशीनला जोडलेला स्टॅबिलायझर घरघरत होता. आपल्याकडे विहिरींच्या मोटारी सुरू झाल्या की विजेचा दाब पडायचा, तो सावरायला ही पेटी असते. आजोबांनी बजावलं होतं, ती काढायची नाही. पण गाण्याच्या शांत जागी ती घरघर फितीवर येत होती. मला स्वच्छ आवाज हवा होता. पहिलं काम, मी एम.ए., मला सगळं कळत होतं. मी पेटी काढली आणि मशीन थेट भिंतीतल्या प्लगला लावलं.

गाणं सुरेख झालं. दुसऱ्या कडव्यात वर लोंबणारा बल्ब मंदावला, मी पाहिलं. विल्सनचे डोळे मिटलेले होते, किसनचे ड्रमवर. कडवं संपता संपता बल्ब पुन्हा पिवळ्याचा पांढरा झाला.

आता हे नीट समजून घ्या, सगळं त्यावर आहे. दाब पडला की मशीनची मोटार मंदावते, फीत हळू सरकते. ती फीत नंतर नेहमीच्या वेगाने वाजवली की तेवढाच तुकडा घाईने आणि वरच्या पट्टीत ऐकू येतो. दुसरं कडवं तसं ऐकू आलं. मला पहिल्यांदा ऐकतानाच कळलं. आणि मी बोलायच्या आत विल्सन उडी मारून म्हणाला, "बाई! आवाज बघा कुठं गेला माझा! हे मला जमतं हे मलाच ठाऊक नव्हतं!" मग त्याने पुन्हा ऐकलं आणि किसनकडे वळला. "पण तू पळतोयस, लेका. दुसऱ्या कडव्यात ठेका सुटलाय तुझा."

किसन म्हणाला, "सुटला का? मला तर न्हाई वाटलं."

"फीत खोटं बोलते का?"

फीत खोटं बोलत होती, आणि खोलीत ते फक्त मला ठाऊक होतं. एकाच चुकीने गायकाला वरची पट्टी मिळाली आणि वाजवणाऱ्याला डाग. मी म्हणाले, "चहा ठेवते." मशीनचं पहिलंच काम बिघडलं हे गावात कळलं असतं तर मागची खोली बंद करावी लागली असती, असं मी स्वतःला सांगितलं. पुन्हा भरून घेऊ, एवढंसुद्धा म्हणाले नाही. विल्सनला तीच फीत हवी होती.

कंपनीने त्यांना बोलावलं नाही. पण गाणं पसरलं. गावोगावचे लोक येऊन 'ते फाटकवालं' भरून नेऊ लागले. विल्सनची वरची पट्टी गाजली. प्रत्यक्ष कार्यक्रमात ती लागत नसे, तर तो सांगायचा, "मागून ठेका नीट मिळत नाही." किसनला पोरं 'डगमग किसन' म्हणायला लागली. वर्षभरात त्याच्या जागी पुण्याचा एक जण आला. पुढे पुण्याला त्यांची एक कॅसेट निघाली, ती खपली नाही. किसन साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला. ड्रम त्याने चर्चला देऊन टाकला. दुकानासमोरून सायकलवर जायचा, हात करायचा. मीही करायचे.

ही झाली मूळ गोष्ट. आता निवडकांची.

गेल्या वर्षी विल्सन घरी आला. पांढरे बूट, मागे पोनीटेल, पुढे काही नाही. म्हणाला, "बाई, लेगसी आहे ही. अॅनिव्हर्सरी अल्बम करतोय. ती फीत असेल ना तुमच्याकडे?" दुकान बंद केलं तेव्हा मी बाकी सगळं भंगारात घातलं होतं, ही एक चकती ठेवली होती. का ठेवली ते विचारू नका. मी दिली. तिसरा नियम मोडला. खरं सांगायचं तर, ती घरातून जावी असंच मला वाटत होतं.

अल्बम आला आणि चौथ्या दिवशी किसन दारात. सहासष्ट वर्षांचा, कारखान्यातून रिटायर, हातात लेकीचा मोबाईल. बसलाच नाही. त्याने 'फाटक' लावलं. विल्सनचा तरुण आवाज होता, आणि मागे कॉम्प्युटरचा ड्रम. टक टक टक टक, शिलाई मशीनसारखा.

"बाई, ह्यो मी न्हाई."

"नाहीस."

"लेकीनं वाचून दाखवलं. काय लिवलंय ते तुमी वाचा."

मी वाचलं. 'मूळ ध्वनिमुद्रणातील ड्रम्स अस्थिर असल्याने ते नव्याने घेण्यात आले आहेत.' त्याचं नाव कुठेच नव्हतं. अस्थिर ड्रम्स कुणाचे, हेसुद्धा नाही. आणि त्याच पानावर मी लेजेंडरी.

मग त्याने चाळीस वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न विचारला. "तुमी तितं हुत्या. खरं सांगा. खरंच पळत हुतो का मी?"

आणि तुमच्या या आजीने, जिला तुम्ही फेमस म्हणता, काय उत्तर दिलं? म्हणाले, "मूळ फीत ऐकल्याशिवाय कसं सांगू?" शिस्तीचं, पद्धतशीर, भित्रं उत्तर.

त्याच्यासमोरच विल्सनला फोन लावला. "विल्सन, माझी चकती परत दे."

"अहो बाई, ती कुठं आता. स्टुडिओत कॉम्प्युटरनं माझा आवाज वेगळा काढला, जरा सरळ केला—"

"सरळ म्हणजे?"

"दुसऱ्या कडव्यात थोडा वर जात होता ना, तो. आजकाल सगळं होतं. बाकीचं ठेवून काय करायचंय? फीत चिकटली होती, टाकली त्यांनी."

म्हणजे गायकाचा आवाज दुरुस्त केला आणि वाजवणारा कचऱ्यात टाकला. याला हल्ली रिस्टोरेशन म्हणतात. मी त्याला काय बोलले ते छापण्यासारखं नाही. इंग्रजीतच बोलले. शिक्षणाचा तेवढा उपयोग झाला.

किसन दाराकडे वळला. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाई. नातू इचारतो, आजोबा तुमी बँडमदी हुता का. आता सांगन, नव्हतो." आणि गेला.

मी कपाटातून दुकानाच्या वह्या काढल्या. कुणाला कोणतं गाणं भरून दिलं, त्याची ओळन्‌ओळ मी लिहून ठेवत असे. 'फाटक' नेलेल्यांपैकी ओळखीचे सात जण निघाले. फोन केले. तिघांनी त्यावर पुढे भजनं भरली होती, दोघांच्या उंदरांनी खाल्ल्या, एकाने फीत शेतात पाखरं हाकायला बांधली होती. सातवी नोंद अशी होती : 'घोडेगाव. बबनशेठ, जनावरांचे व्यापारी. एकच गाणं. पंधरा वेळा!' माझ्या सगळ्या वह्यांत उद्गारचिन्ह तेवढं एकच.

मला तो दिवस लख्ख आठवला. बबनशेठ म्हणजे धिप्पाड गडी, खांद्यावर कासरा तसाच. म्हणाले, "बाई, त्ये फाटकाचं गानं भरा. दोनी बाजूला त्येच."

मी म्हटलं, "बाकीची कोणती?"

"बाकी कशाला? ह्या गान्यावर जनावर टेम्पोत चढतं. ड्रायव्हरनं लावलं हुतं घोडेगावच्या बाजारात, अडून बसल्याला बैल गपगुमान फळीवर चढला. शब्द कळत न्हाईत त्याला. ठेका कळतो."

"चार मिनिटांचं गाणं आहे. एका बाजूला सात वेळा बसेल. दोन मिनिटं उरतील, ती कोरी राहतील."

"कोरी कशाला? अर्धं भरा. उरल्यालं अर्धं पलीकडल्या बाजूला आदी पुरं करा."

"मी गाणं तोडत नाही."

"अवो, बैल अर्ध्या फळीवर आन् तुमचं गानं बंद. मंग तुमी येनार का ढकलायला?"

मी नाक मुरडून भरून दिलं. पहिला आणि दुसरा नियम एका फटक्यात गेले. बबनशेठ गेल्यावर मी आजोबांना म्हणाले, "आता बैलांसाठी संगीत भरायचं राहिलं होतं." आम्ही खूप हसलो.

घोडेगावला फोन केला तर सुनेने उचलला. "मामंजी हायेत. कॅसेटी? घंटा-गोंड्यांच्या पेटीत कायतरी हाय बघा."

मी किसनच्या घरी गेले. म्हटलं, "उद्या घोडेगावला चल." त्याने का ते विचारलं नाही. पिशवीत माझा जुना टू-इन-वन, आत नवे सेल. वीज मला त्या दिवशी नकोच होती. एसटीने नेवाशाला जाऊन बस बदलली. वाटेत मी बोलायचं ते चार वेळा ओठांवर आणून परत गिळलं.

बबनशेठ खाटेवर होते. गडी आटला होता, आवाज तेवढाच. "या बाई! लई जनावर चढवलं तुमच्या गान्यावर. ह्ये कोन?"

"ड्रम यानेच वाजवला होता."

म्हाताऱ्याने किसनला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू व्हय? अरं, माझे बैल तुला मानायचे." किसन पहिल्यांदा हसला.

पेटीतून कॅसेट निघाली. डबी तडकलेली, वर माझं अक्षर. मी खिळ्याच्या टोकाने फीत ताणून घेतली आणि लावली. पहिल्या बाजूवरची गाणी उन्हाने गेली होती, सगळी पाण्याखालून आल्यासारखी. दुसऱ्या बाजूला आधी ते राहिलेलं अर्धं, मग एक खराब, मग आणखी एक. आणि त्याच्या पुढचं अचानक स्वच्छ. मालगाडी खोलीत शिरली.

किसन मान खाली घालून ऐकत होता. दुसरं कडवं आलं, ठेका पळाला. त्याचा चेहरा पडला. मग त्याने मान वर केली. "परत लावा तेवढंच."

मी लावलं.

"परत."

तिसऱ्यांदा ऐकून तो सावकाश म्हणाला, "बाई, माजा हात पळतोय, मान्य. पन विल्सनचा आवाजबी चढतोय की. गिटारबी चढती. मी जोरात वाजवल्यानं त्याची गिटार कशी काय चढंल?" तीस वर्षं त्याने कारखान्यात मोटारी सांभाळल्या होत्या. "ही मोटार बसलीया. लोड आल्यावर अशीच बसती. मशीनच मंद झालं हुतं." मग माझ्याकडे पाहिलं. "स्टॅबिलायझर न्हवता का तुमच्याकडं?"

"होता. घरघर येत होती म्हणून मी काढला होता."

"तुमाला ठावं हुतं?"

"त्याच दिवशी."

बबनशेठनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि सुनेला चहा आणायला सांगितलं. त्यांच्या घरातही अशा वेळी चहाच करतात.

किसनने टू-इन-वन बंद केला. मग म्हणाला, "चाळीस वर्सं, बाई. सायकलवरून हात करायचो तुमाला." एवढंच. माफ केलं म्हणाला नाही, आणि मीही माफी मागितली नाही. मागून त्याच्यावर आणखी एक ओझं कशाला टाकायचं? त्याने बटण स्वतः दाबलं आणि ते गाणं पुन्हा लावलं. चहा आल्यावर उजव्या हाताची बोटं बशीच्या कडेवर चालू लागली. दुसऱ्या कडव्यात फीत पळाली. बोटं पळाली नाहीत.

निघताना बबनशेठ म्हणाले, "घिऊन जा कॅसेट. मला आता कुटं बैल चढवायचेत."

परत आल्यावर मी अल्बमवाल्यांना इंग्रजीत सविस्तर पत्र लिहिलं. चूक कुणाची, कशी, हे सगळं. उत्तर आलं की पुढच्या आवृत्तीत विचार करू. विल्सनचाही फोन आला. "बाई, म्हणजे ती वरची पट्टी माझी नव्हती?" म्हटलं, "नव्हती. ती विहिरीवरच्या मोटारीची होती." त्याने फोन ठेवला. त्याच्या ओळखीची मोठमोठी माणसं आहेत, कव्हरही चकचकीत आहे, सोळा गाणी आहेत. त्यातलं एकही बैलाला फळीवर चढवू शकणार नाही.

आभारांतून माझं नाव काढा, असंही मी कळवलं आहे. ते काढलं की तुम्ही मित्रमैत्रिणींना दाखवलेली लिंक खोटी पडेल. पडू दे.

'फाटक'ची खरी प्रत जगात आता एकच उरली आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटची दुसरी बाजू, सुरुवातीचं अर्धं सोडून तिसरं. ती श्रीरामपुरात किसनच्या घरी आहे, माझ्याकडे नाही. तिच्या डबीत मी माझ्या हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे : ड्रम, किसन पगारे. दुसऱ्या कडव्यातला दोष मशीनचा. स्टॅबिलायझर मी काढला होता.